लेखकांसाठी ऑनलाइन समानार्थी कोश कसा उभा करावा

मराठी समानार्थी शब्द इंटरनेटवर शोधले की बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेचे तक्ते पुढे येतात. सूर्य म्हणजे रवी, भास्कर, दिनकर, आदित्य. कमळ म्हणजे पंकज, नीरज, राजीव. परीक्षेत गुण मिळवायला ते पुरेसे आहेत. पण कथेतली बाई दारात उभी राहून उन्हाकडे बघते आहे, त्या वाक्यात 'भास्कर' कुठे बसवायचा? लिहिणाऱ्याला एकाच अर्थाचे दहा शब्द नको असतात. जवळजवळ सारख्या दहा शब्दांमध्ये नेमका फरक काय, हे त्याला हवं असतं आणि तेच या तक्त्यांत नसतं.

ठाणे आणि नवी मुंबईत राहणारी आम्ही काही लिहिणारी, भाषांतर करणारी, संहिता तपासणारी मंडळी अशा कोशाचं काम करतो आहोत. छोट्या गटाला, फारसा पैसा न लागता हे कसं करता येतं, ते इथे क्रमाने लिहितो. तुमचा गट नगरचा असो की नागपूरचा, पद्धत तीच राहील, फक्त काही शब्दक्षेत्रं (एकेका विषयाभोवतीचे शब्द) बदलतील.

अ पासून सुरू करू नका

शब्दकोश म्हटला की अ पासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तो टाळा. 'अंक', 'अंकुर', 'अंग' अशी वर्णानुक्रमाने नोंद करत गेलात, तर वर्षभरानंतरही हातात कामाचं असं काही येत नाही, कारण समानार्थी शब्द एकमेकांपासून लांब विखुरलेले असतात. 'राग' आणि 'चीड' यांची भेट होईपर्यंत गट दमून जातो.

आपल्याकडे विषयवार मांडणीची परंपरा फार जुनी आहे. अमरसिंहाचा अमरकोश तीन कांडांत आणि त्यांखालच्या वर्गांत विभागलेला आहे: स्वर्ग, काल, वारि, वनौषधि, मनुष्य असे. त्याचं मूळ नाव 'नामलिंगानुशासन', म्हणजे नावाबरोबर लिंगही सांगणारा ग्रंथ. नाट्यवर्गात कोप, क्रोध, अमर्ष, रोष असे रागाचे शब्द एका ओळीत येतात आणि त्यातले 'रुट्' नि 'क्रुध्' स्त्रीलिंगी आहेत हेही तिथल्या तिथे सांगितलेलं असतं. इंग्रजीत पीटर मार्क रॉजे या डॉक्टराने १८५२ साली जो कोश छापला, तोही कल्पनांनुसार रचलेला होता. हिंदीत अरविंद कुमार यांचा समांतर कोश १९९६ साली आला, त्याची मांडणीही विषयवारच. तिन्ही ठिकाणी वाचक एका शब्दाने आत शिरतो आणि त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटून बाहेर येतो.

म्हणून आधी क्षेत्रं ठरवा. सुरुवातीला तीनच घ्या: एक भावनेचं, एक शरीराच्या हालचालीचं (चालणं, बघणं, बोलणं यांपैकी काहीही) आणि एक तुमच्या गावाचं. आम्ही राग, चालणं आणि खाडी ही तीन निवडली. भावना आणि हालचाल ही क्षेत्रं प्रत्येक लेखकाला रोज लागतात. गावाचं क्षेत्र अशासाठी की ते दुसरं कोणी करणार नाही.

जुने कोश आणि त्यांचे हक्क

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हा पहिला आधार. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. आज तो कोणाच्याही मालकीचा नाही आणि शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात ऑनलाइन शोधता येतो. अर्थ इंग्रजीत दिलेले असले तरी बारकावे विलक्षण आहेत. एखाद्या घरगुती शब्दाची छटा त्यात इतकी नेमकी पकडलेली असते की आजच्या कोशांत ती सापडत नाही. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२पासून खंडाखंडाने निघाला. मराठीतून मराठी अर्थ हवा असेल तर त्याला पर्याय नाही.

हक्कांचा नियम एकदा नीट समजून घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. लेखक अनेक असतील तर सर्वांत शेवटी गेलेल्याच्या मृत्यूपासून मोजायचं. शब्द कोणाच्या मालकीचा नसतो, पण व्याख्या आणि उदाहरणवाक्य असतं. त्यामुळे हक्कात असलेला कोश वाचा, त्यातून शब्दांची यादी घ्या, पण अर्थ आणि वाक्य स्वतः लिहा. खरं तर हक्क संपलेल्या कोशाच्या बाबतीतही हेच करावं, कारण आजच्या लेखकाला आजचं वाक्य लागतं. विक्शनरी या सर्वांनी मिळून लिहिलेल्या मुक्त ऑनलाइन कोशातला मजकूर घेतलात तर श्रेय देणं आणि आपला मजकूरही त्याच अटींवर खुला ठेवणं बंधनकारक आहे, ते सुरुवातीलाच मान्य असेल तरच घ्या.

ठाणेकरांसाठी एक सोय पायाशी आहे. १८९३ साली स्थापन झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. कागदावरचे कोश शेजारी शेजारी उघडून बसणं आणि फोनवर एकेक शब्द टाकून शोधणं यात फरक पडतो. कागदावर डोळा शेजारच्या नोंदीवर जातो, आणि निम्मे चांगले शब्द असे न शोधता मिळतात.

स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढायचा असेल तर टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखतं. मात्र घ-ध, भ-म, ब-व, ष-प यांत ते गोंधळतं आणि अनुस्वार गाळतं. काढलेला प्रत्येक शब्द माणसाने मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय तक्त्यात जाऊ देऊ नका.

तक्ता: एक ओळ म्हणजे एका अर्थाचा एक शब्द

यासाठी कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल शीट किंवा लिब्रेऑफिस कॅल्क पुरतं. पण ओळीचा अर्थ पहिल्या दिवशी ठरला पाहिजे, कारण नंतर बदलणं फार जड जातं.

'कळ' घ्या. पोटात उठते ती कळ, यंत्राची दाबायची ती कळ, दोघांत भांडण लावणाऱ्याने लावलेली ती कळ. या तीन ओळी झाल्या, तीन वेगळ्या अर्थगटांत. पहिलीचे शेजारी वेदना, ठणका, चमक. दुसरीचे बटण, खटका. तिसरीचे चहाडी, चुगली. 'कळ' नावाची एकच ओळ ठेवून तिच्यासमोर हे सगळे शब्द ओतले की तयार होतो तोच परीक्षेचा तक्ता.

आमच्या तक्त्यातले रकाने असे आहेत: शब्द, अर्थगट, लिंग, सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं होणारं रूप), स्तर, प्रदेश, सोबतची क्रियापदं, फरकाची ओळ, उदाहरणवाक्य, शब्द कुठून मिळाला, नोंद कोणी तपासली. यातल्या चार रकान्यांवर थोडं थांबतो.

लिंग. मराठीत शब्द बदलला की सगळं वाक्य हलतं. 'थकलेला देह', 'थकलेली काया', 'थकलेलं शरीर'. तिन्ही लिंगं एकाच अर्थगटात. लेखकाने देहाच्या जागी काया घातली तर मागचं विशेषण आणि पुढचं क्रियापद दोन्ही बदलावी लागतात. म्हणून लिंग शब्दाला चिकटून, ठळक दिसलं पाहिजे, एका टिचकीमागे लपलेलं नको.

स्तर. घरगुती, बोली, वृत्तपत्री, कार्यालयीन, ग्रांथिक, काव्यातला, जुना. सात पुरेत. याहून बारीक भेद केले तर तपासणाऱ्यांची मतं जुळत नाहीत आणि रकाना निरुपयोगी होतो.

सोबतची क्रियापदं. हा रकाना आळसाने रिकामा राहतो, आणि लेखकाला सर्वांत जास्त तोच लागतो. राग येतो, धरता येतो, गिळता येतो, आवरता येतो, दुसऱ्यावर काढता येतो. रोष ओढवून घ्यावा लागतो. त्रागा करतात. तिडीक डोक्यात जाते. रुसवा दुसऱ्याने काढायचा असतो. शब्द बरोबर आणि क्रियापद परकं, अशी वाक्यं अलीकडे भाषांतरांत ठिकठिकाणी दिसतात, आणि ती टाळायला कोशच मदत करू शकतो.

फरकाची ओळ म्हणजे या कोशाचा जीव. शेजारच्या शब्दांपासून हा शब्द कुठे वेगळा होतो, ते एका वाक्यात, वीस-पंचवीस शब्दांच्या आत. ही ओळ लिहिता येत नसेल तर नोंद अपुरी समजा आणि प्रकाशित करू नका.

एक क्षेत्र पूर्ण करून पाहू: राग

पहिल्यांदा वाटतं, रागाचे शब्द सौम्य ते तीव्र असे एका पट्टीवर मांडावेत. करून बघा, दहाव्या शब्दाला पट्टी मोडते. रुसवा चिडीपेक्षा कमी की जास्त, या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण दोन्ही वेगळ्या दिशांना जातात. पट्टीऐवजी चार प्रश्न विचारा: हा राग कोणावर आहे? तो दिसतो की आत राहतो? किती वेळ टिकतो? आणि हा शब्द कोणाच्या तोंडी शोभतो?

मग एकेक शब्द आपली जागा घेऊ लागतो. 'रुसवा' फक्त अशा माणसावर धरता येतो जो समजूत काढायला येईल अशी आशा असते. तिकीट तपासनिसावर कोणी रुसत नाही. 'त्रागा' करणारा माणूस राग स्वतःच्या जिवावर काढतो, जेवण सोडतो, कपाळ बडवून घेतो, आणि ते दुसऱ्याने बघावं अशी त्याची इच्छा असते. 'चीड' बहुधा माणसापेक्षा त्याच्या वागण्याची येते, अन्यायाची, खोटेपणाची, आणि ती टिकते. 'तिडीक' क्षणाची. 'वैताग' रागाइतकाच थकव्याचाही असतो आणि त्याचं कारण लहान पण पुन्हा पुन्हा येणारं असतं, जसं घोडबंदर रोडचा संध्याकाळचा ट्रॅफिक. 'धुसफूस' उघड भांडणाच्या अलीकडे थांबते. घरातही असते, पण वृत्तपत्रांनी ती राजकीय पक्षांना कायमची बहाल केली आहे. 'आदळआपट' भांड्यांच्या आवाजातून ऐकू येते. 'जळफळाट' होतो त्याच्या मुळाशी मत्सर असतो. 'तळतळाट' ज्याच्या हाती काही उरलेलं नाही त्याचा, आणि तो लागतो अशी समजूत आहे. 'उद्वेग' ग्रांथिक, त्यात दुःखाचा वाटा मोठा. 'कोप' देवीचा किंवा निसर्गाचा. 'रोष' लोकांचा, मतदारांचा, वरिष्ठांचा.

'फणकारा' इथे वेगळा काढतो. तो एका वाक्यापुरता असतो, 'फणकाऱ्याने म्हणाली' एवढाच. मराठी कथांत तो जवळपास नेहमी स्त्रीपात्रालाच दिला जातो. कोशाने ही सवय लिहून ठेवावी: बहुधा स्त्रीपात्रांसाठी वापरला जातो. वापरायचा की मोडायचा, ते लेखक ठरवेल; पण आपण काय करतो आहोत हे त्याला कळलं पाहिजे. अशा सामाजिक छटा जात, वय, बाई-पुरुष, शहर-गाव यांच्याशी बांधलेल्या असतात आणि त्या न लिहिणं म्हणजे अर्धवट माहिती देणं.

प्रत्येक क्षेत्र झालं की अदलाबदलीची चाचणी करा. एक रिकामी जागा असलेलं वाक्य घ्या: 'गाडी माजिवड्याला अर्धा तास एकाच जागी उभी होती, त्याला ... आला.' इथे 'वैताग' सहज बसतो, 'राग' बसतो, 'संताप' चालतो. 'क्रोध' घातला की वाचक थांबतो. 'चीड' घातली की 'आला'चं 'आली' करावं लागतं आणि अर्थही थोडा सरकतो: आता राग गर्दीचा राहत नाही, गर्दी होऊ देणाऱ्यांचा होतो. ही चाचणी गटातल्या दोघांनी एकमेकांचं न बघता करावी. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे फरकाची ओळ पुन्हा लिहायची. कधी कधी दोघंही बरोबर असतात, एक विदर्भातला आणि एक कोकणातला. अशा वेळी दोन्ही नोंदी प्रदेशासह ठेवा, मतदान घेऊ नका.

खाडीकाठचे शब्द

तुमच्या गावाच्या क्षेत्राला घाई चालत नाही. ठाण्याच्या खाडीवर कथा लिहिणारा लेखक 'भरती' आणि 'ओहोटी' या दोन शब्दांवर भागवतो, कारण त्याच्या हाताशी तेवढेच असतात. पण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं मोठं पाणी म्हणजे उधाण, अष्टमीच्या सुमाराची मंद भरती ती भांगाची, उतरणारं पाणी म्हणजे सुकती. पाण्याला लागून खाजण (भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन), तिवरं (खारफुटीची झाडं), चिखलातली निवटी (छोटा मासा), मिठागर, खारं पाणी अडवणारा बांध आणि त्या बांधातली उघाडी (पाणी सोडायची झडप). 'भांग' हा शब्द कोशात टाकताना केसांचा भांग आणि पिण्याची भांग यांच्या ओळी वेगळ्या हव्यात, हे आता सांगायला नको.

हे शब्द चेंदणी कोळीवाड्यात, दिवाळे, सारसोळे, ऐरोली अशा गावांत अजून बोलले जातात. १९७० साली सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झाल्यानंतर नवी मुंबईसाठी इथली भातखाचरं आणि मिठागरं संपादित झाली. काम गेलं की त्या कामाचे शब्द आधी रोजच्या बोलण्यातून जातात, मग फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत राहतात. त्यामुळे हा भाग आधी करा, कोशातले शब्द कोशात थांबतील.

शब्द गोळा करायला जाताना 'याला दुसरा शब्द काय?' असं विचारू नका. समोरचा माणूस गोंधळतो, आणि शहरी पाहुण्याला बरं वाटावं म्हणून पुस्तकी शब्द सांगतो. कामाबद्दल विचारा. 'पाणी चढायला लागलं की मावशी, तुम्ही आधी काय आवरता?' 'होडी कुठे लावायची हे नाखवा कशावरून ठरवतात?' मग शब्द वाक्यात येतात, क्रियापदासकट. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्या, नाव द्यायचं की नाही ते त्यांना विचारा आणि उच्चार जसा ऐकू आला तसाच लिहा. प्रमाण रूप हवं असल्यास शेजारच्या रकान्यात. नोंदी प्रकाशित झाल्या की त्यांना त्यांच्याच फोनवर उघडून दाखवा. चुका तिथेच सापडतात, आणि ज्यांचे शब्द घेतले त्यांचा तेवढा हक्कही आहे.

घरबसल्या पूरक आधार म्हणून बॉम्बे गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा १८८२चा खंड बघा. मासेमारी, मीठ आणि होड्या यांची त्यातली वर्णनं इंग्रजीत आहेत, पण स्थानिक नावं बरीच सापडतात. ती थेट कोशात टाकू नका. गावात जाऊन विचारायच्या प्रश्नांची यादी म्हणून वापरा.

यंत्राकडून काय घ्यावं

आयआयटी मुंबईने तयार केलेलं मराठी वर्डनेट समानार्थी शब्दांचे गट देतं. काम मोठं आहे आणि संशोधकांना ते अत्यंत उपयोगी आहे. ते हिंदी वर्डनेटच्या आधाराने विस्तारलेलं असल्यामुळे लेखकांच्या कोशासाठी प्रत्येक गट मराठी कानाने तपासून घ्यावा. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. हिंदी मजकुरावरून मराठी शब्द सुचवणारं कुठलंही साधन इथे घसरू शकतं.

शब्दांना आकड्यांच्या रूपात मांडून जवळचे शब्द सुचवणारी साधनंही आहेत. त्यांपैकी फास्टटेक्स्टची मराठी माहिती मोफत उतरवता येते. पण तिथे 'जवळचा' याचा अर्थ सारख्या वाक्यांत येणारा. त्यामुळे 'गरम' विचारलं की 'थंड' हमखास येतं. सुचवण्यांची यादी म्हणून ती वापरा, तक्त्यात थेट ओतू नका. संवादी एआयकडून उदाहरणवाक्यं लिहून घेण्याच्या मी विरोधात आहे. वाक्य व्याकरणाने बरोबर असतं, पण ते कुठल्याही गावातलं नसतं, आणि लेखक कोशातल्या उदाहरणावरूनच शब्दाचा सूर पकडतो.

शोधखिडकी मराठी समजणारी हवी

कोश चांगला असूनही शोधात शब्द सापडला नाही तर वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो कोशात नाहीच. मराठीत हे वारंवार होतं, आणि कारणं तांत्रिक आहेत.

पहिलं, युनिकोडची (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी संगणकाची पद्धत) दोन रूपं. 'दुसऱ्या' मधला ऱ्या दोन प्रकारे टंकता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्याला सारखं, संगणकाला वेगळं. 'ॲ' हे एक अक्षर म्हणून येतं, किंवा अ आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांत. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही, त्यामुळे ही अदलाबदल स्वतःच्या कोडमध्ये लिहावी लागते.

दुसरं, लेखनाचे भेद. मोल्सवर्थमध्ये 'नांव', 'कांहीं', 'पांच' आहे. १९६२च्या लेखननियमांनंतर आपण नाव, काही, पाच लिहितो. कोणी 'अन्त' टंकतो, कोणी 'अंत'. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल तर बोलायलाच नको. यासाठी प्रत्येक शब्दाचं एक लपलेलं शोधरूप तयार करा. आधी त-वर्गाआधीचा न्, ट-वर्गाआधीचा ण् आणि प-वर्गाआधीचा म् यांचा अनुस्वार करा. मग अनुस्वार काढा. इ-ई आणि उ-ऊ एक करा. श-ष एक करा. न दिसणारी जोडचिन्हं पुसा. वापरणाऱ्याने टंकलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया करून दोन्ही जुळवा. 'दिन' आणि 'दीन' असे काही शब्द यात एक होतात. ते आधी हुबेहूब जुळणीने शोधा, आणि नाही मिळालं तरच शोधरूपाकडे जा.

तिसरं, विभक्ती. लेखक आपल्या वाक्यातून शब्द उचलून चिकटवतो, तेव्हा तो 'पावसात' किंवा 'रागाने' असा येतो. तक्त्यात सामान्यरूपाचा रकाना आहे तो यासाठीच: पाऊस, सामान्यरूप 'पावसा'; मूल, 'मुला'; घोडा, 'घोड्या'. शोधताना शेवटचे ला, ने, नी, त, चा-ची-चे, हून, शी, साठी, वर, मध्ये असे प्रत्यय काढा आणि उरलेलं सामान्यरूपाशी जुळवा. नियमांनी सगळी सामान्यरूपं बनवू पाहणारा मोठा प्रकल्प करण्यापेक्षा काही हजार शब्दांची रूपं हाताने भरणं लवकर होतं आणि अचूक होतं.

चौथा शोध उलट दिशेचा, आणि लेखकांना तो फार प्रिय होतो. शब्द ओठांवर आहे पण आठवत नाही. वापरणारा लिहितो 'छपरावरून गळणारं पावसाचं पाणी', आणि 'पागोळ्या' समोर यायला हव्यात. फरकाच्या ओळी चांगल्या लिहिल्या असतील तर त्यांच्यातच शोध घेऊन हे साधतं. नाहीतर प्रत्येक नोंदीला चार-पाच साधे खुणेचे शब्द जोडा.

यादी लावताना संगणकाचा मूळ क्रम घेऊ नका. मराठी कोशांत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर येतात. क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनला भाषा मराठी आहे असं सांगितलं की ते बरोबर लागतं. पानाच्या कोडमध्येही भाषा मराठी म्हणूनच नोंदवा. अनेक फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात आणि ती त्या नोंदीवरच निवडली जातात.

पान कसं असावं

देवनागरीचं एक चिन्ह (अक्षर, मात्रा किंवा अनुस्वार) यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. तीनशे चिन्हांची नोंद धरली तर पाच हजार नोंदी सुमारे साडेचार एमबीच्या होतात, आणि दाबून पाठवल्या की त्याहून बऱ्याच कमी. म्हणजे सर्व्हरवर डेटाबेस चालवायची गरज नाही. क्षेत्रवार जेसन फाइली (साध्या मजकुरात मांडलेली माहिती) करा, स्थिर, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या पानांची साइट बनवा आणि फोनवर एकदा उतरलेली माहिती तिथेच ठेवा. कळव्याच्या पुढे लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी कोश चालला पाहिजे. तक्ता सीएसव्हीत (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) जपताना यूटीएफ-८ निवडा. काही एक्सेल आवृत्त्यांत अशी फाइल थेट उघडली की देवनागरीची अनोळखी चिन्हं होतात, तेव्हा ती आयात करून उघडावी.

पानावर शब्द, लिंग, फरकाची ओळ आणि उदाहरण हे चार घटक पहिल्या नजरेत दिसू द्या. व्युत्पत्ती, स्रोत, प्रदेशाची टीप खाली. त्या अर्थगटातले शेजारी त्यांच्या फरकाच्या ओळीसह लगेच खाली हवेत, नुसती नावं नकोत. वाक्प्रचारांना शब्दांइतकाच मान द्या: 'अंगाचा तिळपापड होणे' हा रागाच्याच गटात, स्वतंत्र नोंद म्हणून. विरुद्धार्थी शब्दांसाठी मोठा विभाग करू नका. लेखकाला तो क्वचित लागतो.

लोकांच्या हातात दिल्यावर

पहिलं क्षेत्र तयार होताच चार-पाच लिहिणाऱ्यांना द्या आणि त्यांच्याच अपुऱ्या मजकुरावर वापरायला सांगा. शेजारी बसा, पण मदत करू नका. ते काय टंकतात, कुठे थांबतात, कुठला शब्द वाचून मान हलवतात, ते टिपा. 'आवडला का?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, त्याचा उपयोग नाही. शब्द बदलून वाक्य सुधारलं का, ते दोन्ही वाक्यं वाचून बघा.

नंतर सर्वांत मोलाची माहिती म्हणजे न सापडलेले शोध. कोणी शोधलं हे न साठवता फक्त टंकलेला शब्द आणि तारीख ठेवा. आठवड्यातून एकदा ती यादी घेऊन बसा आणि तीन भाग करा: शब्द होता पण जुळला नाही, म्हणजे शोधरूपाचा नियम कमी पडला; शब्द नव्हता, पण अर्थगट होता, म्हणजे नवी ओळ; अर्थगटच नव्हता, म्हणजे पुढच्या क्षेत्राची सूचना. आधी पहिला भाग संपवा, कारण एक नियम दुरुस्त केला की शेकडो शब्द एकदम सापडू लागतात. प्रत्येक नोंदीखाली 'हा फरक पटत नाही' असं बटण ठेवा आणि आलेला आक्षेप नोंद लिहिणाऱ्याकडे न पाठवता दुसऱ्या तपासणाऱ्याकडे पाठवा.

सगळा तक्ता कोणालाही उतरवून घेता येईल असा दुवा पहिल्या पानावर द्या, परवान्याची ओळ त्याच्या शेजारी लिहा, आणि दर महिन्याची एक तारखेसह प्रत गटाबाहेरच्या निदान एका माणसाकडे ठेवायला द्या.